विमल जहाजाला भेटून आली

फोनवर नाव विमलचं होतं, म्हणून उचलल्याबरोबर मी झापायला सुरुवात केली. "काय वं, किती दिवस झाले, फोन नाही का काही नाही. जिवंत हाय का मेली?" असं मी तिला नेहमीच म्हणायची, तोंडाची सवय. आणि तीही तितक्याच थाटात "तुले पोचवूनच जाईन" म्हणायची.  त्या दिवशी पलीकडून तिच्या आईचा आवाज आला. "इंदू, विमल गेली वं बाई..." मी विचारलं, कुठे गेली? वकील माणूस मी, तीस वर्षं कोर्टात लोकांना नेमके प्रश्न विचारून राहिली आणि त्या दिवशी असा बिनडोक प्रश्न विचारला. सकाळी अंगणात झाडांना पाणी घालता घालता विमल खाली बसली, ती उठलीच नाही. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. तव्यावरची भाकर तशीच टाकून मी गाडी काढली आणि यवतमाळहून आर्णीचा रस्ता धरला.

आर्णीच्या पुढे, कापसाची आणि तुरीची शेतं ओलांडली की विमलचा तांडा, म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती, लागतो. मी पोचले तेव्हा अंगण बायांनी भरलं होतं. ज्यांनी तांड्यातलं रडणं पाहिलं नाही त्यांना सांगायला पाहिजे, की तिथं बाया एकेकट्या रडत नाहीत. एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि सूर लावून रडतात. त्या रडण्याला चाल असते, शब्द असतात. गेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य त्यात येतं. नुसतं मरणाचंच नाही, खूप दिवसांनी माहेरची बाई भेटली तरी असंच रडतात, आणि रडणं झालं की डोळे पुसून चहा मांडतात. याडी, म्हणजे विमलची आई, (तिला सगळा तांडा याडीच म्हणतो, आणि मीसुद्धा) उठून माझ्याकडे आली. माझ्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि सूर लावला. आणि मी? मी विजेच्या खांबासारखी उभी. आमच्या घरी रडायचं म्हणजे न्हाणीघरात, नळ सोडून. वडील गेले तेव्हाही आम्ही तिघी बहिणींनी आळीपाळीनं नळच सोडला होता. माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. याडीनं थोडी वाट पाहिली, माझी पाठ थोपटली आणि ती दुसऱ्या बाईकडे गेली.

त्याला आता काही आठवडे झाले. पेपरच्या पुरवणीच्या संपादकांनी विमलवर लिहा म्हणून सांगितलं. लोकांना तिची माहिती आहे ती "समुद्रात बुडालेल्या जहाजापर्यंत गेलेल्या खेळाच्या बाई" एवढीच. एका पेपरात तेव्हा तिचा फोटो आला होता, 'पन्नाशीकडे झुकलेल्या शिक्षिकेचं साहस' अशा काहीतरी मथळ्याखाली. विमल ते वाचून भडकली होती. "साहस कायचं? मी तं कामाले गेलती," म्हणाली. ते काम काय होतं, हे सांगावं म्हणून लिहायला बसले.

आमची ओळख यवतमाळच्या कॉलेजातली. मी गावातली, कोर्टातल्या कारकुनाची मुलगी, चष्मा आणि तोंडाचा पट्टा या दोनच गोष्टींसाठी प्रसिद्ध. ती होस्टेलवर राहणारी, उंच, काळीसावळी, धावायला लागली की मुलंसुद्धा मागे राहायची. पहिल्याच वर्षी उन्हाळ्यात ती मला तांड्यावर घेऊन गेली. दुपारी सगळे झोपलेले असताना शेजारची एक बाई ओरडत आली, बादली विहिरीत पडली म्हणून. आमच्याकडे अशा वेळी गळ टाकतात, तासभर खरडत बसतात. इथे बाई सरळ विमलला हाक मारायला आली. विमलनं ओढणी कंबरेला खोचली, काठावरून खाली पाहिलं, छाती भरून हवा घेतली आणि टाकली उडी. मी काठावर. पाणी शांत झालं, तरी ही वर येईना. मी "अवं कोणी तं या" म्हणून बोंबलायला लागले आणि ती बाई मला म्हणते, "थांब ना बाई, थे शोधून राह्यली." आणि खरंच, बादली पुढे आणि विमल मागे, अशी आली वर. त्या विहिरीत काही पडलं, कळशी असो, मोटारीचा पाईप असो, की कुणाच्या कानातलं... विमललाच बोलावणं. श्वास धरून खाली राहायची तिची ताकद सगळ्या आजूबाजूच्या तांड्यांना माहीत होती. तिला स्वतःलाही त्याचा फार अभिमान होता.

तिचा भाऊ देवा तिच्याहून पुष्कळ लहान, शेंडेफळ. विमलनं त्याला कडेवर वागवलं, त्याच विहिरीत पोहायला शिकवलं. पुढे ती आर्णीच्या शाळेत खेळाची शिक्षिका झाली, लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "मले शिट्टी वाजवाची सवय हाय, नवरा शिट्टीवर चालन का?" देवाचं शिक्षण तिनंच केलं. आणि त्या पोरानं काय करावं? समुद्राचं तोंड न पाहिलेल्या जिल्ह्यातला हा पोरगा मालवाहू जहाजावर खलाशी झाला. सुट्टीत आला की ओट्यावर बसून फुशारक्या मारायचा. जुन्या काळी त्यांची माणसं बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूखभर फिरायची, लदेणी म्हणतात त्याला. देवा म्हणायचा, "आपलं काम थेच हाय, फक्त बैल मोठा झाला." याडीला त्याचं फार कौतुक. ती विचारायची, "बैलाले पाणी पाजतं का नाही?" आणि तो हसून म्हणायचा, "याडी, माहा बैल पाण्यातच उभा राह्यते."

एका पावसाळ्यात तो बैल पाण्यात बसला. सिमेंटनं भरलेलं मोठं जहाज, कोकणच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडलं. बरीच माणसं वाचली, काही सापडलीच नाहीत. सापडली नाहीत त्यांत देवा. कंपनीचा माणूस आला, कागद देऊन गेला, मी त्या कागदांचं पाहिलं. कागदाप्रमाणे देवा मेलेला होता. याडीप्रमाणे नव्हता. तिनं घरात कुणाला रडू दिलं नाही. पाहुण्या बाया आल्या, गळ्यात पडायला गेल्या, तिनं हात धरून त्यांना खाली बसवलं. "काहून रडतां? भेटलाय का तुमाले तो?" तिचं म्हणणं एकच, माणूस कुठे आहे ते डोळ्यांनी पाहिलं पाहिजे, त्याला हात लावला पाहिजे, मग रडायचं. त्याशिवाय रडणं म्हणजे जित्याजागत्या पोराला मारणं. वर्ष गेलं, दुसरं गेलं. देवाच्या ताटात रोज एक भाकर पडायची आणि ती संध्याकाळी गाईला जायची. जेवण तिचं कमी होत गेलं, बोलणंही कमी होत गेलं. विमल मला म्हणायची, "इंदू, ही अशानं मरून जाईन. आणि भाऊ गेला म्हणून मीबी अजून रडली नाही. कोणाच्या गळ्यात पडू सांग?"

मग एक दिवस ती माझ्या ऑफिसात आली, पक्षकार बाहेर बसलेले, ही सरळ आत. म्हणाली, "याडीनं आज मले इचारलं. आपसात आम्ही आमच्या गोरबोलीत बोलतो, पण तुले सांगतो काय म्हणे थे. लोकायच्या बादल्या काढतं तू, कळशा काढतं. भाऊ पडला तं जात नाही?" मी पेन खाली ठेवलं. विमल म्हणाली, "थे जहाज बुडलं तिथंच हाय. टाकी लावून लोकं पाहाले जाते म्हणे आता. मले जाचं हाय."

मी बाजू मांडायला सुरुवात केली. वय पाहा, समुद्र म्हणजे तुझी विहीर नाही, देवा तिथं दिसणार नाही, इतक्या दिवसांत काय राहिलं असेल याचा विचार कर, सुट्टी कोण देईल, काही झालं तर याडीला दोन पोरं गेल्याचं दुःख... असं मी एकापाठोपाठ एक मुद्दे काढत गेले. ती शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "झालं? आता तू येतं का नाही थे सांग."  दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी कोकणात.

किनाऱ्यावर हवेची टाकी लावून पाण्याखाली जायला शिकवणारा बाबल नावाचा माणूस होता, आमच्याच वयाचा, मासेमारीतून या धंद्यात आलेला. विमलचं पोहणं पाहून तो खूश झाला. पण पाठीवर टाकी बांधून, तोंडात नळी देऊन तिला तलावात उतरवलं आणि घोळ सुरू झाला. ती पाण्याखाली गेली की श्वास धरायची. नळीतून हवा मिळते आहे, घ्यायची आणि सोडायची, एवढंच काम. पण हिच्या अंगात विहीर भिनलेली. छाती भरली की ओठ बंद. छाती भरलेली म्हणून ती आपोआप वर उचलली जायची, मग घाबरून आणखी जोरात धरायची. बाबलनं तिला वर काढून समजावलं. विहिरीत तुम्ही वरची हवा घेऊन जाता, तिथं धरलीत तर बिघडत नाही. इथं खोल पाण्यात हवा घेता. ती धरून वर आलात तर छातीतल्या छातीत फुगेल, फुप्फुस फाटेल. "बाई, बाकी काय चुकलां तर मी आसंय. ह्या एक चुकलां तर मी काय करू शकणार नाय. श्वास धरायचो नाय." विमल मान डोलवायची आणि खाली गेली की पुन्हा धरायची. ज्या गोष्टीसाठी तिचं पंचक्रोशीत नाव होतं, तीच तिला नडली. आठवड्याच्या शेवटी बाबलनं हात जोडले. असं असताना जहाजावर नेणार नाही म्हणाला. परतीच्या प्रवासात विमल खिडकीला डोकं टेकून बसली. मला वाटलं, सुटलो. पण यवतमाळ जवळ आलं तशी खिडकीबाहेर पाहतच म्हणाली, "सवय मीनंच लावली ना? मीच मोडीन."

मग सुरू झाली तिची विहिरीतली तालीम. शाळा सुटली की ती विहिरीवर. खाली जायची आणि सोडत सोडत वर यायचा प्रयत्न करायची. रविवारी मी काठावर बसून पाहायची. पाण्यावर दोन बुडबुडे यायचे आणि बंद व्हायचे. मी वरून ओरडायची, "धरला वं, धरला!" ती वर येऊन पाण्यावर हात आपटायची. शिव्याही द्यायची, त्या इथं लिहीत नाही. तांड्यातल्या पोरी हसायच्या, मॅडम पोहणं विसरल्या म्हणून.

एका रविवारी याडीची बहीण आली, फार वर्षांनी. दोघी म्हाताऱ्या अंगणात गळ्यात पडल्या आणि भेटीचं रडणं सुरू झालं. देवाचं नाही हं, ते याडीनं बंदच ठेवलं होतं. आई-बापाचं, लहानपणाचं, न झालेल्या भेटींचं. विमल आणि मी ओट्यावर चहा घेत होतो. विमलचा कप तोंडापाशीच थांबला. म्हणाली, "इंदू, ऐक. ह्या दोघी श्वास कुठं धरतात?" मी ऐकलं. कुठेच धरत नव्हत्या. लांब सूर सुटायचा, संपता संपता घाईनं एक घोट हवेचा, आणि लगेच पुढचा सूर. थांबायला जागाच नाही त्यात. विमलनं कप खाली ठेवला आणि उठून चालायला लागली विहिरीकडे. मी मागे. तिनं उडी टाकली आणि पाण्याखाली रडण्याचा सूर लावला... नुसता सूर, शब्द नाहीत. पाण्यावर बुडबुडे आले. येतच राहिले. ती वर आली तरी येत होते. "जमलं का?" तिनं विचारलं. मी काठावरून ओरडले, "जमलं वं, जमलं!"

उन्हाळा लागायच्या आधी आम्ही परत गेलो. बाबलनं तिला तलावात उतरवलं, पाहिलं, चकित झाला. पाण्याखालून हुंकारासारखा आवाज येत होता. "ह्या काय गातंत?" त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, गात नाही, रडते आहे, काळजी करू नका. त्यानं आणखी बरीच पारख केली, खोल पाण्यात नेऊन आणलं, आणि मग एका स्वच्छ सकाळी आमची होडी जहाजाच्या जागेवर निघाली. मी पूर्ण रस्ताभर ओकत होते. विमल माझी पाठ चोळत होती. तिलाच धीर द्यायला म्हणून मी गेलेली!

आधी विमल आणि बाबल यांच्यात ठरलं होतं, जहाजाच्या आत शिरायचं नाही, काही उचलायचं नाही, बाबलनं वर यायची खूण केली की निघायचं. विमल होडीच्या कडेला बसली, माझ्याकडे पाहून हात केला आणि पाठीवर उलटी पाण्यात गेली. मी कड पकडून पाण्याकडे पाहत राहिले. दोन जागी बुडबुडे येत होते, एक बाबलचे, एक तिचे. मी तिच्या बुडबुड्यांवरची नजर हलवली नाही. देवाधर्माचं मी फार करत नाही, पण त्या दिवशी सगळ्यांची नावं घेतली.

खाली काय झालं ते बाबलनं सांगितलं, विमल त्याबद्दल फार बोलायची नाही. जहाज एका कुशीवर कललेलं. इतकं मोठं, की एका टोकापासून दुसरं टोक दिसत नाही. फुटलेल्या कोठीतून सिमेंटच्या थैल्या दिसत होत्या. थैली कुजून गेलेली, आतलं सिमेंट दगड झालेलं, पण थप्पी तशीच, एकावर एक. विमल तिथे थोडी थांबली. मग खलाशांच्या खोल्यांच्या बाजूला गेली. तिथे एक जाड लोखंडी खांब होता, त्यावर शिंपले धरलेले. तिनं हातमोजे घातलेले दोन्ही हात त्या खांबाच्या गळ्यात टाकले, कपाळ टेकलं आणि सूर लावला. बाबल म्हणाला, "पाण्यात आवाज कुठसून येता कळत नाय. माका वाटला, जहाजच रडता." तो घाबरला होता, बाई भान हरपून श्वास धरतील म्हणून तिच्या टाकीला हात लावून उभा होता. पण बुडबुडे तुटले नाहीत. सूर संपला, हवा घेतली, पुन्हा सूर. मासे तिच्या भोवती फिरत होते. त्यानं वरची खूण केली तेव्हा तिनं मान हलवली, खांबावरून एकदा हात फिरवला आणि त्याच्यासोबत हळूहळू, थांबत थांबत वर आली. होडीत चढल्यावर तिनं डोळ्यांवरची काच काढली. डोळे लाल. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "भेटली मी त्याले."

तांड्यावर आम्ही दुपारी पोचलो. याडी दारातच होती. तिनं विचारलं, "भेटला?"

"भेटला याडी."

"कसा हाय?"

विमलनं खोटं काही सांगितलं नाही. "थंड हाय तिथं. मालाजवयच हाय तो, थप्पी नाही हालली त्याची. मासोळ्या हायेत भवताल. मी हात लावून आली."

 याडीनं विमलचे दोन्ही हात हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले, जणू त्यांना काही लागलं आहे का ते शोधत होती. आणि मग त्या हातांवर कपाळ ठेवून तिनं सूर लावला, देवाचं नाव घेऊन, पहिल्यांदा. विमल तिच्या गळ्यात पडली. शेजारच्या बाया धावत आल्या. त्या संध्याकाळपासून देवाच्या ताटातली भाकर बंद झाली आणि याडी पोटभर जेवायला लागली. ती अजून ठणठणीत आहे. विमल गेली, याडी आहे, असं झालं बघा.

बाबलनं निघताना विमलला पाण्यात घालायची ती काच भेट दिली होती. ती तिच्या घरात, माठाच्या वरच्या खिळ्याला असायची. पुढे विमल तांड्यातल्या आणि शाळेतल्या मुलींना पोहायला शिकवायची ती काच गळ्यात अडकवून. आधी श्वास सोडायला शिकवायची, पोहणं मागाहून. "धराले कोणालेबी येते," म्हणायची. माझ्याही मागे लागली होती, यंदा तुला विहिरीत उतरवतेच म्हणून. मी दरवर्षी काहीतरी केस पुढे करून सुटायची.

गेल्या रविवारी मी तांड्यावर गेले. कुणी बोलावलं नव्हतं, मीच ठरवलं. त्या दिवशी खांबासारखी उभी राहिले ते मनातून जात नव्हतं. आणि मला विमलचं रडायचं होतं, नीट, तिच्या पद्धतीनं. न्हाणीघरात नळ सोडून मला ते जमलं नव्हतं, आठवडे झाले तरी. याडी आत माठापाशी बसली होती. वर खिळ्याला काच तशीच. रबर थोडं फाटलेलं, विमलनं काळ्या दोऱ्यानं शिवलेलं. मी वाकून याडीच्या गळ्यात हात टाकले. मीच, या वेळी. आणि पुन्हा तेच. छाती भरली, ओठ बंद, आवाज नाही. पण मी हात काढले नाहीत. तशीच राहिले, गुडघे दुखायला लागले तरी.

याडीनं माझ्या पाठीवर हात ठेवला, दोन खांद्यांच्या मधोमध, आणि कानाशी म्हणाली, "इंदू, श्वास कायले धरून राह्यली वं? सोड ना."

मी सोडला. सूर बेसूर होता, याडीनं तो तिच्या सुरात घेतला.